आमटीखात्याचा राजीनामा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बुवा, मध्येच हसलात की मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, पण कोणी थट्टेनंसुद्धा मला 'मंत्री' म्हटलं की तोंडाला आळणी आमटीची चव येते. का येते, ते चहा होईपर्यंत सांगतो. स्वतःच्या हातानं स्वतःचा असा पोपट करून घेतलेला दुसरा माणूस तुम्हाला नगर जिल्ह्यात सापडायचा नाही.

स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि नगरला आमचं कॉलेजही नुकतंच निघालं होतं. दोन्हीकडे उत्साह फार आणि सामान कमी. वर्गात बाकं पुरत नव्हती, लायब्ररीत कपाटं आली होती आणि पुस्तकं यायची होती. पण प्रिन्सिपॉलसाहेबांना लोकशाहीची भारी घाई. दुसऱ्या कॉलेजांत विद्यार्थ्यांचा एक सेक्रेटरी असतो, तेवढ्यावर भागतं. आमचे साहेब म्हणाले, "सेक्रेटरी ही गुलामगिरीतली पद्धत. आपल्याकडे मंत्रिमंडळ पाहिजे."

झालं. मूठभर पोरांचं कॉलेज आणि त्याला पंतप्रधान! संगमनेरचा राजा कुलकर्णी पंतप्रधान झाला, कारण शेरवानी फक्त त्याच्याकडे होती. राहुरीचा एकजण आरोग्यमंत्री झाला, त्याचं काम विहिरीत लाल औषध टाकायचं. क्रीडामंत्र्याच्या ताब्यात एक फुटबॉल होता आणि त्यात हवा नव्हती. उरलं अन्नखातं. ते कोणी घेईना. अन्नमंत्री म्हणजे काय, तर वसतिगृहाची मेस बघणारा. आदल्या वर्षी मेस बघणारा मुलगा परीक्षेच्या आधीच गावी निघून गेला होता, तो परत आला नाही.

मी घेतलं. कशासाठी, विचारा ना. नुसत्या शब्दासाठी! आमच्या घराण्यात आजोबा जोशीपण करून गेले, वडील गावच्या शाळेत मास्तर. मंत्री सोडा, तलाठीसुद्धा कोणी झालं नव्हतं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

आणि मग सुरू झाली आमटी. दिवस रेशनचे, धान्य बेताचं, आणि आचारी गोविंदभट म्हणजे दगडाच्या काळजाचा. सकाळी तोंड धुवायला गेलो की पहिला गाठायचा, "अन्नमंत्री, आमटीत मीठ नाही." स्नानाला गेलो की दुसरा, "अन्नमंत्री, आमटीत डाळ नाही." एकजण तर वाटी घेऊन थेट खोलीवर आला आणि म्हणाला, "यात बघून मी आत्ताच भांग पाडला." मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, "लक्ष घालतो."

गोविंदभटाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "मीठ बेतानंच घालतो मी. आमटी चवीला लागली तर पोरं ओरपतील. डाळ पुरायला नको?"

 

तर दिवाळीत घरी गेलो. आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडे, कोरडवाहू मुलूख. पारावर गेनू पाटील बसले होते, सारं गाव त्यांना तात्या म्हणायचं. त्यांनी विचारलं, "काय रं दत्तू, शिकतुयास का नुसत्याच चकाट्या पिटतुयास नगरात?"

मी म्हणालो, "अन्नमंत्री झालोय, तात्या."

'वसतिगृहाचा' हा शब्द जिभेवर आला होता हो. पण पारावरची माणसं एकदम अशी काही गप्प झाली आणि माझ्याकडे अशी काही बघायला लागली, की तो मी गिळला. आयुष्यात गिळलेली सगळ्यात महाग गोष्ट ती. लेव्हीच्या दिवसांत अन्नमंत्री म्हणजे काय, हे तुम्हाला आज कळायचं नाही. पिकातला ठरलेला वाटा सरकारला घालावाच लागायचा, मग घरात राहो न राहो. तात्यांनी शेजारच्याला सरकून मला पारावर जागा करायला सांगितली. मी बसलो. सुट्टी संपली, मी नगरला आलो आणि विसरून गेलो.

गाव विसरलं नव्हतं.

थंडी पडायला लागली होती. एका सकाळी मी भटारखान्यात गोविंदभटाशी मिठावरून वाद घालत होतो. हातात आमटीचा डाव होता. दारात बघतो तर गेनूतात्या, आमच्याच गावचा हरीबा आणि आणखी दोघं गावकरी. तात्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पटका सारखा केला आणि वाकून म्हणाले, "रामराम, मंत्रीसायेब."

खरं तिथंच सांगायला हवं होतं. तुम्ही सांगितलं असतंत, मला माहीत आहे, तुम्ही सगळे फार सरळ. पण मी सातवीत असताना हुरडा चोरला म्हणून ज्या माणसानं सबंध गावातून माझा कान धरून मला फिरवलं होतं, तोच माणूस चपला काढून समोर उभा होता. मी डाव खाली ठेवला आणि म्हणालो, "या. बसा. जेवूनच जायचं."

जेवता जेवता तात्यांनी सगळं सांगितलं. पावसानं दगा दिलेला. ज्वारी गुडघ्याएवढीसुद्धा झाली नव्हती. आणि सरकारी माणूस बांधावरून नजर टाकून गेला तो पीक आठ आणे, म्हणजे सोळा आण्यांतलं निम्मं, लावून गेला. त्या हिशेबानं लेव्ही घातली तर पेरायला दाणा उरायचा नाही, खायची तर बातच नको. म्हणून गावानं कलेक्टर कचेरीत अपील केलं होतं. त्याची तारीख लागली होती.

"आता तुमीच बगा सायेब," तात्या म्हणाले.

मी घास परत ताटात ठेवला. "तात्या, ते माझ्या हातात नाही हो."

तात्यांनी हरीबाकडे बघितलं. "बग. मंत्री असंच म्हनत्यात."

"अहो, खरंच. माझं खातं वेगळं आहे."

"ह्ये बी म्हनत्यात."

"तात्या, लेव्ही ठरवणारे लोक वर असतात, फार वर. मला तिथं कोण विचारतं?"

"आता वरच्यावर ढकललं," तात्या कौतुकानं म्हणाले. "लई तयार झालं आपलं पोरगं."

काय करावं अशा माणसांचं? खरं बोलावं तितका मी जास्तच मंत्री दिसत होतो. हरीबा काहीच बोलत नव्हता. तो मान खाली घालून जेवत होता. त्याच्यापुढची भाकरी संपली की तात्या हलकेच म्हणायचे, "मंत्र्याच्या घरचं अन्न हाय हरीबा, लाजू नगस." की मी लगेच ओरडायचो, "गोविंदभट, इकडे भाकरी!"

कचेरीत साहेब दौऱ्यावर होते. तारीख एक दिवस पुढे गेली, मग आणखी एक दिवस. पाहुण्यांचा मुक्काम माझ्या खोलीत. मी सतरंजीवर, माझ्या खाटेवर गेनूतात्या. आणि दोन्ही वेळच्या पंगतीला चार गावकरी, शेतात राबणारी माणसं, तुमच्या-आमच्यासारखी दीड भाकरीत उठणारी नव्हेत. रेशनचं पीठ काही वाढत नव्हतं. गोविंदभटानं त्यावर तोड काढली, भाकरीचा घेर कमी केला. दुसऱ्या दिवशी ती पुरीएवढी झाली. आमटीबद्दल तर बोलूच नका, विहिरीला आणि तिला एकच झरा असावा.

पोरं खवळली. त्यात पंतप्रधानाच्या वाट्याला एका संध्याकाळी भाकरीच आली नाही. राजा कुलकर्णीनं शेरवानी चढवली आणि मंत्रिमंडळाची जाहीर सभा बोलावली. जागा जेवणघर, वेळ दुपारच्या जेवणाआधीची, म्हणजे सगळे भुकेलेले. विषय, अन्नमंत्र्यांवर अविश्वास.

मला अविश्वासाचं काही नव्हतं. खातं जाईल तर सुंठीवाचून खोकला जाईल. भीती एकच होती. सभेत पोरं आमटी, मीठ, भाकरीचा घेर असं बोलणार, आणि ते तात्यांनी ऐकलं तर संपलं. गावभर होणार, मास्तरांचं पोरगं मंत्री नाही, वाढपी आहे. वडिलांना पारावरून मान वर करून जाता येणार नाही. म्हणून सकाळी मी पाहुण्यांना स्वतः कचेरीत सोडून आलो आणि म्हटलं, काम होईपर्यंत तिथून हलू नका. मनात म्हटलं, सरकारी काम आहे, संध्याकाळपर्यंत काही सुटत नाहीत.

सभा सुरू झाली. राजा उभा राहिला. "मित्रहो, आज या वसतिगृहात अन्नाची जी परिस्थिती आहे..." आणि तेवढ्यात मागच्या दारातून पटके आत आले. चौघंही. येऊन भिंतीला टेकून बसले. तात्यांचा चेहरा फुललेला होता. मला वाटलं, आपल्या मंत्र्याची सभा बघून फुललाय.

राजा पुढे बोलायला लागला. "मी आता एकेक आरोप वाचतो. पहिला आरोप, आमटी..."

मी ताडकन उठलो. "थांबा!"

तात्यांनी मागून हात वर केला. "दत्तू, जरा ऐक की—"

"थांबा तात्या, मला बोलू द्या," मी म्हणालो, आणि मग जे तोंडातून निघालं ते माझं मलाच नवीन होतं. "पंतप्रधान, आरोप वाचायची गरज नाही! ज्या राज्यात शेतकऱ्याच्या घरात पेरायला दाणा उरत नाही, चार आण्याचं पीक आठ आणे लावलं जातं, त्या राज्यात मी अन्नमंत्री म्हणून एक दिवसही राहू शकत नाही. माझ्या गावच्या लेव्हीच्या प्रश्नावर मी राजीनामा देतो!"

राजाचं तोंड उघडंच राहिलं. मग पोरांनी टाळ्या पिटल्या, कारण काही का असेना, मी गेलो होतो. मागं चारही पटक्यांनी टाळ्या पिटल्या. गोविंदभटानंसुद्धा भटारखान्यातून डोकं बाहेर काढून बघितलं. माझा ऊर भरून आला. खोटं सांगत नाही, डोळ्यात पाणी उभं राहिलं. वाटलं, आपण काहीतरी केलं बुवा.

जेवणं झाल्यावर त्यांना पोचवायला मोटारस्टँडवर गेलो. जामखेडची मोटार लागलेली होती. तात्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला ते सहन होईना. एवढी भाबडी माणसं, आणि मी त्यांना तीन दिवस फसवतोय. शेवटी म्हणालो, "तात्या, एक सांगायचंय. मी खरा मंत्री नाही. मी फक्त मेसचा... पोरांना जेवायला वाढायचं बघतो."

"ठावं हाय की," तात्या म्हणाले.

"काय?"

"तू दिवाळीची सुट्टी संपवून हिकडं आलास आन् मास्तरांनी दुसऱ्याच दिशी पारावर फोड केली. म्हनले, पोरगं भाकरी मोजतंय तिथं."

मी त्यांच्या पायांतल्या चपलांकडे बघितलं. "मग हे साहेब, रामराम, चपला..."

"आता काय सांगू तुला. तारखंला नगरात यायचं, तर खानावळवाला म्हनतो, रेशनकार्ड दावा. आमची कार्डं गावाकडं. म्हनलं चला, आपलं पोरगं भटारखान्यावरच हाय." तात्यांनी तंबाखू मळली. "आन् खरं सांगू का, नुसतं दत्तू म्हनलं तर तू अर्धी भाकरी वाढशील. सायेब म्हनलं की आग्रह करून वाढतुयास."

मग आठवलं, आणि निदान तेवढं तरी हाती लागावं म्हणून विचारलं, "आणि लेव्ही? तिचं काय झालं?"

"ती सकाळीच उठली की. सायेब भला मानूस निगाला. पीक चार आनेच धरलं त्यानं, येवड्याला लेव्ही लागत न्हाई, घरचं दानं घरात ऱ्हायलं. त्येच तर सांगाया सभेत हात वर केलता, तू बोलू दिलं न्हाईस." तात्या मोटारीत चढले, जागा धरली, आणि खिडकीतून अगदी मनापासून विचारलं, "पर दत्तू, मग तू राजीनामा कशापायी दिलास रं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. मोटार सुरू झाली. तात्यांच्या शेजारून हरीबानं डोकं बाहेर काढलं. तीन दिवसांत या माणसानं चकार शब्द उच्चारला नव्हता, फक्त जेवला होता.

"दत्तू," तो म्हणाला, "समदं ब्येस हुतं. आमटी तेवडी आळनी हुती बग."

आणि मी, दोन घटकांपूर्वी भर सभेत राजीनामा दिलेला माणूस, त्या मोटारीच्या धुरळ्यात पळत पळत ओरडलो, "लक्ष घालतो, हरीबा, उद्यापासून लक्ष घालतो!"