रेडिओची सुट्टी

सलूनवाल्याला अख्खा बाजार ‘रेडिओ’ म्हणायचा. हातात कात्री आली की त्याची जीभ सुटायची. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाला आधी दम द्यावा लागे, “हसू नका, गाल जाईल.” बाजारात त्याच्या बायकोला कोणी ना कोणी गाठायचंच. “वहिनी, तुमची चैन आहे बुवा! घरबसल्या करमणूक.” ती हसून मान हलवायची. पण घरात रेडिओ बंद असायचा. जेवताना ‘मीठ दे’ आणि झोपताना ‘दिवा घालव’, एवढ्याच काय त्या बातम्या. राहिला सुट्टीचा दिवस, तो नदीचा.

“मला पण न्या की, शिकेन मासे धरायला,” असं ती पूर्वी म्हणायची. तेव्हा याने एक थाप ठोकून दिली होती. “तिथं तोंड उघडायची सोय नाही. आवाज झाला की मासा पळतो. तुला नाही जमायचं.” या एका थापेवर त्याच्या कितीतरी सुट्ट्या सुखात गेल्या.

पण या वेळी ती हटूनच बसली. “तोंडातून शब्द काढणार नाही. पण येणार.”

आता काय बोलणार? याने तिला नेलं, पण नेहमीच्या घाटावर नाही. तिथं त्याची मंडळी असायची. तो तिला वळणापलीकडे घेऊन गेला. तिथं पाणी इतकं संथ होतं की पडलेलं पानसुद्धा वाहायचा कंटाळा करत होतं.

थाप सांभाळायची म्हणून शिकवणीही कुजबुजत झाली. “हे बूच. हे पाण्यावर तरंगतं. खाली शिशाचे मणी, त्याच्या खाली गळ, गळाला गांडूळ. बूच नुसतं थरथरलं तर ओढायचं नाही. पार खाली गेलं की मनगटाला झटका द्यायचा.”

“काय?” ती उजवा कान पुढे करून म्हणाली.

“बूच!”

“काय म्हणालात?”

“बहिरी झालीस का?” तो करवादला. हल्ली घरीही तो हेच म्हणायचा, आणि ती भांडी घासायला उठायची. आत्ता ती पाण्याकडे बघू लागली.

पुढचं शिकवायचं त्याने सोडूनच दिलं. खरं तर आधी गळाला शिशाचा गोळा बांधून पाण्याची खोली मोजायची असते, त्यावरून बूच दोरीवर वरखाली सरकवायचं असतं. स्वतःच्या गळापुरती खोली त्याने मोजून घेतली. तिला शिकवायची तर बोलावं लागलं असतं. तिचा गळ तसाच अर्ध्या पाण्यात लोंबत राहिला. मासे खाली तळाशी चरत होते आणि ती बुचावरची नजर हलवत नव्हती. मध्येच ती त्याच्याकडे वळली, काही बोलणार इतक्यात याने ओठांवर बोट ठेवलं. तिने शब्द गिळला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. या वेळी त्याला आतून कसंसंच वाटलं, पण बोट काही त्याने खाली घेतलं नाही.

तेवढ्यात झुडपांमागून आरोळी आली. “अरे रेडिओ! इथं लपलायस होय? तिकडे सगळे तुझी वाट बघतायत!”

घाटावरचा दोस्त, टेम्पोवाला. त्याचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा. तिने घाबरून हात हलवले. “भाऊजी, हळू! मासे पळतील.”

टेम्पोवाला पोट धरून हसला. “कोणी सांगितलं? काठावर पाय आपटू नका म्हणजे झालं. बोलण्याने मासे पळत असते तर तुमच्या नवऱ्याला आजवर एक तरी मिळाला असता का? दर सुट्टीला हसवून हसवून मारतो आम्हाला!”

आपण काय करून बसलो याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. तो शीळ घालत निघून गेला. रेडिओला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही.

“मागच्या आठवड्यात मी तुम्हाला डॉक्टरकडे चला म्हणाले होते,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, दुकान कोण बघणार. मग एकटीच गेले. डावा कान गेलाय. डॉक्टर म्हणाले, उजवाही जाणार, थांबवता येत नाही. म्हटलं, जोवर ऐकू येतंय तोवर तुमचं बोलणं ऐकून घ्यावं. बाजाराने ऐकलंय, मी कुठं ऐकलंय?”

हिला आपण बहिरी म्हणत होतो. रोज शंभर गोष्टी सांगणाऱ्या माणसाला एक गोष्ट आठवेना. तो उठला, तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि तिची दोरी त्याने पाण्याबाहेर ओढून घेतली. मग त्याने गळाला शिशाचा गोळा बांधला.

“मघाशी एक सांगितलंच नाही तुला,” तो मोठ्याने म्हणाला. “लबाडी केली. आधी खोली मोजायची. गोळा सोडल्यावर बूच बुडालं, तर समजायचं पाणी आणखी खोल आहे. मग बूच वर सरकवायचं. आडवं पडलं, तर खाली.”

“अहो, ओरडताय किती,” ती म्हणाली. “मासे पळतील ना.”

“पळू देत,” तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.