नावापुढचं टिंब

माझा धंदा लग्नपत्रिकांपासून सुरू झाला. शेलूबाजारला एक संगणक, एक प्रिंटर आणि मी. नवरदेवाच्या नावापुढे चुकून टिंब पडलं म्हणून त्याच्या बापाने पत्रिकांचा अख्खा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला होता. तेव्हापासून छापण्याआधी नावांपुढची टिंबं उडवायची सवय हाताला लागली.

पुढे मी दुकानदारांच्या, बचत गटांच्या वेबसाइट सांभाळू लागलो. त्या पुण्याच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होत्या. तिथली पोरं माझ्याशी फोनवर मुद्दाम सावकाश बोलत, जणू मी कालच बैलगाडीतून उतरलो. ही सल मी जपून ठेवली. गेल्या हिवाळ्यात दुसरा स्वस्त सर्व्हर मिळाला, तशी कंपनी सोडली. सोडताना घासाघीस करून सगळ्या झोन फाइल फुकटात काढून घेतल्या. कोणत्या नावाची वेबसाइट कुठे आहे, कोणाची मेल कुठे पोचवायची, हे सांगणाऱ्या त्या साध्या ओळी असतात. नव्या सर्व्हरला त्याच ओळी डेटाबेसमध्ये, रकान्यांत भरून हव्या होत्या. ते काम करून देऊ का, असं पुण्याहून विचारलं, तर मी म्हटलं, तुमचे उपकार नकोत.

फाइल उघडल्या, तर कितीतरी नावांपुढे टिंब. मला त्यात पुणेकरांचा गचाळपणा दिसला. सगळी टिंबं एका झटक्यात काढली आणि फाइल डेटाबेसमध्ये भरल्या. वेबसाइट उघडत होत्या. मी खूश.

मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या बायांचा भरतकामाचा गट माझ्याकडे होता. दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्यांना जागा मिळायची होती. होकार मेलवर येणार, आणि त्याला मुदतीत उत्तर द्यायचं. मेल काही येईना. गटाच्या अध्यक्षबाईंनी फोन केला, तेव्हा मी त्यांनाच झापलं, पासवर्ड विसरला असाल म्हणून. मग त्या दुकानात येऊन बसल्या. मी पुण्याला फोन लावला, त्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर, आणि खराब फाइल माथी मारल्या म्हणून पलीकडच्या पोराला हिंदी-मराठीत सोलून काढलं. बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. भाऊ आपल्यासाठी भांडतो आहे.

"काका, मेलची ओळ वाचून दाखवा," पोरगा म्हणाला. मी वाचली. "शेवटचं टिंब कुठे गेलं?"

"काढलं. नावापुढे टिंब कायले पायजे?"

मग त्याने सांगितलं, या वेळी नेहमीच्या वेगाने. टिंब म्हणजे नाव इथे पूर्ण झालं. ते नसेल तर यंत्र नाव अर्धवट समजतं आणि त्यापुढे आपल्या घरचं नाव जोडतं, जसं आपण नव्या सुनेच्या नावापुढे जोडतो. वेबसाइटचा पत्ता आकड्यांत असतो म्हणून त्या उघडत होत्या, बायांची मेल मात्र जगात नसलेल्या पत्त्यावर जात होती. स्पीकर चालूच होता.

मी टिंब घातलं. थोड्या वेळाने मेल येऊ लागल्या. त्यात प्रदर्शनवाल्यांचीही होती: तुमचं उत्तर आलं नाही, जागा दुसऱ्या गटाला दिली आहे.

मी म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी, कसे देत नाहीत तेच बघतो.

"नको भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमी बोलले का समोरचा बिघडते." मग उठल्या. "तांड्यावर चाला. मी सांगतलं तर बाया म्हनतील, भाऊले झाकून राह्यली."

जीपमध्ये पुण्याचे लोक, त्यांच्या फाइल, अशी वाक्यं मी मनात जुळवत होतो. तांड्यावर पिशव्या, ओढण्या, उशांचे अभ्रे चादरींत बांधून बोचकी दाराशी काढून ठेवली होती. ती पाहिल्यावर जुळवलेलं एकही वाक्य बाहेर पडेना. चूक माझी आहे, एवढंच म्हणालो.

एका म्हातारीने बोचक्याची गाठ सोडायला घेतली. "मंग हे आता कोनाले दाखवाचं?" तिने विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी खाली बसलो आणि दुसऱ्या गाठीला हात घातला. तिने तो बाजूला केला. घड्या मोडल्या असत्या.