मोगऱ्याचा गूळ

मस्तगडला एक गूळवाला बसे. गिऱ्हाइकाने चव घेतल्याशिवाय तो तराजूला हात लावत नसे. बायको गेली त्या वर्षी मी मात्र ती चव घेईना.

"मला नको," मी म्हणालो. "तिचा मोगरा वाळतोय, त्याला काही सांगा."

त्याने सोयरीक जमवावी तशी मोगऱ्याची चौकशी केली. "सुपारीएवढा गूळ तांब्याभर पाण्यात घाला. पंधरा दिवसांतून एकडाव, बस्स."

मी पडलो शाळामास्तर. सुपारी मला फार लहान वाटली. मी मोठा खडाच मुळाशी पुरला. चौथ्या दिवशी तिथे मुंग्यांची वरात निघाली.

गूळवाल्याला जाऊन सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "मास्तर, झाडाला पाजा म्हन्लो व्हतो, मुंग्यांचं लगीन लावा न्हाई! जल्दी काढा तो खडा."

काढला, आणि पुढे त्याच्या मापानेच पाणी घातलं. उन्हाळ्यात फुलं आली. त्यातलं एक मी त्याला नेऊन दिलं. त्याने ते पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात गुळाचा खडा. तराजू धाडकन कलला.

"बिलकुल बराबर," तो गंभीरपणे म्हणाला. "झाडानं ऐकलं. आता तुम्ही खा. किती दिस झाले, सुकून राह्यले."

खडा मी तोंडात टाकला.