बाबुआंच्या खुंट्या

जमिनीत रोवलेली खुंटी दिसली की बाबुआंचे हात शिवशिवायचे. न्यूझीलंडमधल्या लोअर हटला आम्ही घर घेतलं, त्याच वर्षी दक्षिणेच्या वाऱ्यात शेजारच्या आणि आमच्या घरामधलं कुंपण आडवं झालं. नवं घालायचं म्हणून मोजणीवाला हद्दीवर सात खुंट्या ठोकून गेला. दुसऱ्या दिवशी बघतो तर सातही गायब! शेजारच्या वाफ्यात घेवड्याचे वेल मात्र नव्या आधारावर ऐटीत उभे होते.

मी तणतणत शेजारी गेलो. तिथे नीनो नावाची जॉर्जियन नर्स राहायची, आणि हे तिचे वडील. तिची मुलं त्यांना बाबुआ, म्हणजे आजोबा म्हणायची, म्हणून आम्हीही. "कुंपणाचं बोलू," ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, "पण आधी जेव." मी सिव्हिल इंजिनिअर, नकाशा काखोटीला मारून भांडायला गेलेला, चीज भरलेल्या तीन भाकऱ्या रिचवून परत आलो. "झालं का सॉर्ट?" बायकोने विचारलं. "हीप्स, ढीगभर खाल्लं," एवढंच मला सांगता आलं.

खुंट्या उपटण्याचं कारण पुढे कळलं. त्यांचं गाव जॉर्जियात, रशियाने बळकावलेल्या भागाच्या अगदी कडेला. २००८चं युद्ध संपलं, पण रशियन सैनिक आधी खुंट्या, मग काटेरी तार घेऊन यायचे आणि सरहद्द थोडी थोडी पुढे सरकवायचे. "एका सकाळी उठलो तर मी जॉर्जियात आणि माझी सफरचंदाची झाडं परदेशात!" हे बाबुआ मांडीवर थाप मारून सांगायचे. झाडं गेली, घर वाचलं. तिथे त्यांचा धाकटा भाऊ राहत होता. "घर रिकामं दिसलं की तार चालायला लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना मात्र ते हसायचे नाहीत.

आमचं कुंपण राहूनच गेलं. बाबुआंचं लांबलचक टेबल उन्हाळाभर अर्धं त्यांच्या अंगणात, अर्धं आमच्या. प्याला उचलला की भाषण आलंच. पाहुण्यांसाठी एक, आयांसाठी एक, गेलेल्यांसाठी एक. पुण्याहून आई आली तेव्हा तर तिच्या सन्मानार्थ ते पाऊण तास बोलले, आणि नीनो हप्त्याहप्त्याने भाषांतर करत होती. आई सोलकढीचा पेला धरून अवघडली होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, बसा आता, पोळ्या गार होतायत!" बाबुआंना वाटलं, उत्तराचं भाषण झालं. त्यांनी गहिवरून प्याला रिकामा केला. इतकं मी क्वचितच हसलो असेन.

मग २०१८ साली भावाच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याचा मुलगा त्याला शहरात घेऊन गेला. गावातलं घर रिकामं झालं. बाबुआंनी दुसऱ्याच दिवशी बॅग काढली. "पपा, यू आर सेव्हन्टी-सिक्स!" नीनो रडत ओरडली. मीही म्हटलं, "बाबुआ, सैन्यापुढे एकटे काय करणार तुम्ही?"

"करायचं काय? सकाळी चूल पेटवायची. धूर दिसला की त्यांना कळतं, इथे माणूस आहे."

निघताना त्यांच्या पायात नवे कोरे जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला होत्या. त्यांनी सातही खुंट्या धुऊन माझ्या हातात ठेवल्या. "जमीन तुझी. आता तू ठरव." मी त्यांना नुसती मिठी मारली.

आता दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओ कॉल येतो. आधी ते धुराडं दाखवतात, मग मागची तार, आणि तारेपलीकडची सफरचंदं. "बघ, तार तिथेच आहे. एक पाऊलसुद्धा हललेली नाही! आता तुझी बाजू दाखव."

मी फोन घेऊन अंगणात जातो. दोन घरांच्या मधोमध, बरोब्बर हद्दीवर, मी घेवडा लावलाय. सात खुंट्यांवर चढलेले वेल बघितल्याशिवाय बाबुआ फोन ठेवत नाहीत.