फॉर्मॅटच्या आधीचा प्रश्न

"फॉर्मॅट मारा. आत्ताच्या आत्ता. मले त्यात काहीच नाई पायजे."

आंजीहून आलेल्या गृहस्थांनी मोबाइल माझ्या काउंटरवर आपटला. मागे दुकानाच्या पायरीवर त्यांची दहावीतली मुलगी उभी, मान खाली. वर्ध्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवताना संतापलेले बाप मी पुष्कळ पाहिलेत. पोरीला मी काहीच विचारलं नाही. बाप सांगतोय म्हणजे झालं, असं धरून चालले.

फॉर्मॅट म्हणजे फोन कोरा करणं. फोटो, मेसेज, सगळं जातं. दोन बटणं एकत्र दाबून मी मेनू उघडला. शेवटी स्क्रीनवर विचारतात, हो की नाही. माझं बोट 'हो'च्या जवळ.

"वर्गातल्या पोरायनं हिच्या नावानं खोटं अकाउंट काढलं," बाप म्हणाले. "हिचा फोटो लावून घाण लिहून राह्यले. फोन बंद, शाळा बंद. सोमवारी हिले मामाकडे नाचणगावले धाडतो."

"ताई, थांबा," मुलगी म्हणाली. "सगळे स्क्रीनशॉट त्यातच हायेत."

मी बोट मागे घेतलं. पुरावा गेलाच असता, आणि घालवणारी मी. 'नाही' दाबून फोन सुरू केला. कॅल्क्युलेटरच्या चिन्हाआड तिनं फोल्डर लपवलं होतं. शिव्या, लिहिणाऱ्या तीन पोरांची नावं, तारखा, सगळं जपून ठेवलेलं.

बाप वाचत राहिले. मग म्हणाले, "मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही फोन हिसकून घेतला असता, बाबा. अन् शाळाबी."

ते स्टुलावर बसले. मला त्यांचा राग आला होता, तो उतरला.

मुलीला विचारून मी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, खोट्या अकाउंटची लिंक कागदावर लिहिली. तिच्याच फोनवरून ॲपकडे तक्रार केली. "भाऊ, हे शाळेत दाखवा. तिथं नाही ऐकलं तर सायबर पोलीस. त्या पोरांच्या घरी भांडाले जाऊ नका."

बाप पेनड्राइव्ह घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी तिन्ही पोरांना आईबापांसह बोलावलं. चार दिवसांनी अकाउंट बंद झालं. मुलगी नाचणगावला गेली नाही. सोमवारी शाळेत गेली, बाप फाटकापर्यंत सोबत.

पुढे दोघं स्क्रीनगार्ड बसवायला आले. फोनसाठी मी सवयीनं बापासमोर हात केला.

"तिले मागा," ते म्हणाले. "फोन तिचा हाय."

हे मला त्या दिवशीच सुचायला हवं होतं. आता फॉर्मॅटच्या आधी मी ज्याचा फोन त्यालाच विचारते. बाप चिडला तर चिडू दे.