संपातला बावटा

मुळात सरकारी नोकरांचा तो संप चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. महागाई भत्त्यावाचून आमच्याही घरात ओढाताण होती. माझं भांडण होतं ते कुलपाशी. कचेरीला कुलूप लावता येतं, पण कचेरीसमोरच्या डोलकाठीला कसं लावणार?

आमचे हे बंदराच्या कचेरीत कारकून. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि यांची बदली मालवणच्या बाजूच्या एका लहान बंदरात झाली होती. मी घाटावरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सामान उतरवताना. शेजारी कुणी नाही, मूलबाळ नाही, आणि इथली बोली माझ्या डोक्यावरून जायची. सकाळी मासे घेऊन येणारी एक मावशी तेवढी पायरीवर बसून बोलायची. ती उठून गेली की मग संध्याकाळपर्यंत भिंतींशी बोला.

वादळाची तार आली की हे डोलकाठीवर बावटा चढवत. बावटा कसला, वेताच्या सांगाड्यावर काळं कापड ताणलेलं; पण सगळे त्याला बावटाच म्हणत. धोका टळल्याची तार आली की तो उतरायचा. मधल्या काळात एकही होडी पाण्यात जात नसे. मच्छीमारांच्या वाडीचा नियमच होता: बावटा असताना कुणी गेला आणि अडकला, तर त्याला शोधायला दुसरी होडी जायची नाही.

त्या पावसाळ्यानंतर बावटा चढला आणि लगेच संप सुरू झाला. यांनी कचेरीला कुलूप घातलं आणि मोर्चासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी निघून गेले. वारा पडला, ऊन आलं, पाणी परातीतल्यासारखं शांत झालं. बावटा मात्र वरच. उतरवायची तार आली असती तरी ती घ्यायला कचेरीत होतं कोण?

मावशी आता रिकाम्या हाताने यायची, पुढे पुढे येईनाशीच झाली. विहिरीवर बायका मला पाहून गप्प व्हायच्या. जणू मीच वारा अडवून बसले होते.

मग एक दिवस मावशी आली, पण पायरीवर बसली नाही.

"गो, तुझो घोव कधी येतलो?"

"संप मिटला की."

"आमची चूल काय संपार नाय गो. पोरां नुसती पेज खातत. दर्या गप आसा. मगे ह्यो बावटो कित्याक?"

"मावशी, मला त्यातलं काय कळतं?"

"दोरी सोडूक काय कळूक व्हया?"

वाडीतलं कुणी त्या दोरीला हात लावणार नव्हतं. पारोशा हाताने देवाला शिवण्यासारखंच ते. मी कारकुनाची बायको, म्हणजे त्यांच्या लेखी अर्धं सरकार. मी गेले, गाठ सोडली, बावटा खाली घेतला. संध्याकाळी होड्या भरून आल्या. मावशीने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. या गावात पहिल्यांदा मला कुणाचं तरी असल्यासारखं वाटलं.

संप मिटल्यावर हे आले. मला वाटलं, संप फोडलास म्हणून चिडतील. पण सगळं ऐकून जेवायला बसले आणि एवढंच म्हणाले, "आता त्यांना कळलं, बावटा बायकोही उतरवते."

मी रागावले. उपाशी पोरांपेक्षा यांना कापडाचा मान मोठा वाटतो, असं वाटलं.

पुढच्या वर्षी तार आली, यांनी रीतसर बावटा चढवला. आभाळ स्वच्छ होतं. मावशी माझ्याकडे आली. "झिलान होडी लोटल्यान हा. जाऊ दी मा?"

ती मला विचारत होती. जिला भरती-ओहोटी धड कळत नव्हती, तिला!

"नको मावशी. बावटा आहे ना वर!"

"तेव्हाय होतो मा," ती हसून म्हणाली. "तूच काढलंस न्हय?"

झील, म्हणजे तिचा मुलगा, गेला. त्याच्यामागून आणखीही होड्या गेल्या. दुपारी वारा सुटला आणि बघता बघता पाणी काळंभोर झालं. मी धक्क्यावर धावले. वाडीतल्या सगळ्या बायका तिथे होत्या. मावशी पुढे उभी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी होड्या आल्या, मोडक्या, पण माणसं धड. रडारड करत सगळ्या बायका पाण्याकडे धावल्या. मला कुणी बोल लावला नाही, कुणी हाकही मारली नाही. डोलकाठीवर तो काळा सांगाडा वाऱ्याने गरगरत होता आणि त्याच्याकडे बघणारी साऱ्या बंदरात मी एकटीच होते.