नडगीवरची जखम

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत ताई सव्वीस वर्षं एकच काम करत होती. शस्त्रक्रियेत काढलेले मांसाचे तुकडे मेणाच्या वडीत बसवायचे, यंत्रावर त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. मग वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई ती काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार सांगत. ताईचा हात असा बसला होता की एखाद्या कापाला सुरकुती पडली तर बाई विचारायच्या, "आज बरं नाही का तुम्हाला?"

घरी ती आणि धाकटा भाऊ, दोघंच. तो कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. एकोणीस वर्षांपूर्वी वाफेची नळी फुटली आणि त्याची उजवी नडगी भाजली. तेव्हापासून ती जखम भरायची, खपली धरायची आणि पुन्हा उघडायची. ताई एक दिवसाआड ती धुऊन पट्टी बांधायची.

"एकदा दाखवून येऊ या," ती म्हणायची.

"तू अर्धी डॉक्टर घरात असताना कशाला?" तो हसण्यावारी न्यायचा. खरं सांगायचं तर ते ऐकून तिला बरंच वाटायचं.

गेल्या वर्षी जखमेच्या कडा फुलकोबीसारख्या वर आल्या, वास यायला लागला. तिने त्याला जवळजवळ ओढतच नेलं. सर्जनने कडेचा तुकडा काढला आणि तो खाली तिच्याच टेबलावर आला.

"द्या इकडे, मी करते," शेजारची सहकारी म्हणाली.

"नको."

काप स्वच्छ निघाला. एकही सुरकुती नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "हे जांभळे ठिपके म्हणजे पांढऱ्या पेशी. जखम झाली की ह्या रसायनं सोडतात. हाकाच त्या. मग दुरुस्तीच्या पेशी धावत येतात, तंतू विणतात, नव्या रक्तवाहिन्या आणतात. जखम भरली की हाका थांबायला हव्यात. इथे एकोणीस वर्षं थांबल्याच नाहीत. कातडी सारखी नव्याने बनत राहिली, आणि त्यात केव्हातरी काही पेशी बिघडल्या."

"आणि आता?"

"आता त्या बिघडलेल्या पेशीच हाका मारतायत. आलेल्यांना स्वतःच्या कामाला जुंपलंय. जुने तंतू तोडून वाट काढतायत, नवे आपल्याभोवती रचतायत."

"आधी आणलं असतं तर?"

"दुसरीकडची कातडी काढून लावली असती. जखम मिटलीही असती."

पाय मांडीतून कापला, पण जांघेतल्या गाठींत आजार आधीच पोचला होता. तिथून छातीत गेला. शेवटच्या महिन्यात भाऊ खाटेवर पडून छताकडे बघत असायचा. एका दुपारी त्याने विचारलं, "ताई, तू रोज हेच बघतेस ना? तुला कळलं नाही?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मी नुसती कापते रे," ती म्हणाली. "बघतात बाई."

त्याने मान हलवली, पटल्यासारखी. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. अकरा दिवसांनी तो गेला.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. "तुमची चूक नाही हो," बाई म्हणाल्या. भाजल्याच्या जुन्या जखमांचे तुकडे ह्याआधीही ताईच्या हातून गेले होते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असायचं. त्यांचं पुढे काय निघालं, हे वर जाऊन विचारायला दोन मिनिटं पुरली असती. सव्वीस वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

बाई उठून गेल्या. टेबलावर सकाळच्या चौदा वड्या ठेवलेल्या होत्या. ताईने यंत्राला नवं पातं लावलं आणि पहिली वडी घेतली.